फिनिश्ड बेसमेंटसाठी जास्त पैसे मोजावेत का? न्यू जर्सीत घर घेतानाचा अनुभव

२०२४ च्या फेब्रुवारीत आम्ही न्यू जर्सीत घरं बघायला लागलो आणि जुलैत किल्ल्या हातात आल्या. त्यानंतर बेसमेंटचं काम पूर्ण व्हायला २०२५ चा नोव्हेंबर उजाडला. या सगळ्या काळात सगळ्यात जास्त झोप उडवली ती एकाच प्रश्नाने: आधीच फिनिश केलेलं (म्हणजे भिंती, छत, फरशी करून राहण्याजोगं केलेलं) बेसमेंट असलेलं घर घेऊन त्याचे पैसे आत्ताच मोजायचे, की उघड्या काँक्रीटचं बेसमेंट असलेलं घर घेऊन ते सवडीने करून घ्यायचं? आणि करून घेतलं, तर घराची किंमत तेवढी वाढते का? ओळखीतल्या प्रत्येकाचं मत वेगळं होतं आणि प्रत्येक जण ठाम होता. आता सगळं पार पडलंय, कागदपत्रं हाताशी आहेत, तेव्हा जसं घडलं तसं क्रमाने लिहिते. कुणी सध्या याच चक्रात असेल तर निदान कुठे काय विचारायचं ते कळेल.

पुण्या-ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या माणसाला बेसमेंट ही गोष्टच नवीन असते. इथे थंडीत जमीन गोठते, मध्य न्यू जर्सीत सुमारे तीन फुटांपर्यंत, त्यामुळे पाया त्याच्या खाली न्यावाच लागतो. एवढं खणलंच आहे तर आणखी थोडं खणून खाली पूर्ण मजला काढायचा, असा त्यामागचा हिशोब. तिथे फर्नेस (घर गरम ठेवणारं यंत्र), वॉटर हीटर, सम्प पंप (खाली साचणारं पाणी बाहेर फेकणारा) असतो आणि उरलेली जागा मोकळी. आपल्या लोकांच्या बेसमेंटात दुसरा फ्रीज, तांदळाच्या गोण्या, गणपतीचं मखर आणि वर्षातून एक-दोनदा नाटकाच्या तालमी. माझा नवरा हौशी नाटकात काम करतो, त्यामुळे आमच्या यादीत ‘तालमीला जागा’ हे पहिल्या दिवसापासून होतं.

मार्चमध्ये सॉमरसेट काउंटीतलं एक घर आम्हाला फार आवडलं. त्याला पहिलं घर म्हणते. १९७८ चं बांधकाम, खाली उबदार कार्पेट, छोटा बार, टीव्हीची भिंत आणि ‘पाचवी बेडरूम’. लिस्टिंगमध्ये, म्हणजे विक्रीच्या जाहिरातीत, २,९०० चौरस फूट लिहिलं होतं. तेवढ्याच मोठ्या वाटणाऱ्या, पण बेसमेंट उघडं असलेल्या घरांपेक्षा त्याची किंमत साधारण पन्नास हजार डॉलरने जास्त होती.

ऑफर देण्याआधी आमच्या ओळखीतल्या एका काकांनी, ज्यांनी इथे तीन घरं घेतली-विकली आहेत, मला सांगितलं, “अगं, आधी टाउनशिपच्या टॅक्स असेसरकडचं कार्ड बघ.” टाउनशिप म्हणजे इथली नगरपालिका, आणि टॅक्स असेसर म्हणजे मालमत्ता करासाठी घराची किंमत ठरवणारा तिचा अधिकारी. प्रत्येक घराचं असं प्रॉपर्टी रेकॉर्ड कार्ड असतं आणि ते कुणालाही बघता येतं. त्यावर या घराचं क्षेत्रफळ होतं २,०८० चौरस फूट, आणि बेसमेंटपुढे शेरा होता: अनफिनिश्ड. म्हणजे लिस्टिंगमधले आठशे-साडेआठशे फूट जमिनीखालचे होते, आणि ते तयार झाल्याचं टाउनशिपला माहीतच नव्हतं.

क्षेत्रफळाचा मुद्दा नीट समजून घ्यायला मला दोन संध्याकाळी लागल्या, म्हणून इथे सविस्तर लिहिते. फॅनी मे ही संस्था बँकांकडून गृहकर्जं विकत घेते, त्यामुळे बहुतेक बँका तिच्या नियमांप्रमाणे चालतात. १ एप्रिल २०२२ पासून तिने अप्रेझरना, म्हणजे बँकेसाठी घराची किंमत ठरवणाऱ्यांना, एएनएसआय या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या पद्धतीनेच घर मोजायची सक्ती केली. या पद्धतीत ज्या मजल्याचा थोडा जरी भाग जमिनीखाली आहे, तो अख्खा मजला मुख्य राहत्या क्षेत्रफळात धरला जात नाही. मग तो कितीही सुंदर असो, मागच्या बाजूने थेट अंगणात दार उघडत असो. त्याची नोंद वेगळ्या ओळीत होते आणि त्याची किंमतही वेगळी, वरच्या फुटापेक्षा बरीच कमी धरली जाते. म्हणून लिस्टिंगमधल्या एकूण फुटांनी किंमतीला भागून घरांची तुलना करू नका. आधी वरचे फूट आणि खालचे फूट वेगळे काढा.

आमच्या रिअल्टर (घरांच्या एजंट) ताईंनी दुसरी बाजू मांडली. नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्सच्या २०२२ च्या अहवालात बेसमेंट राहण्याजोगं करण्याच्या खर्चापैकी ८६ टक्के विकताना परत मिळतात असा अंदाज होता. आकडा खरा आहे, पण तो देशभरातल्या रिअल्टर लोकांच्या अंदाजावरून काढलेला आहे. शिवाय तो अहवाल नव्याने, रीतसर केलेल्या कामाबद्दल बोलतो. वीस वर्षांपूर्वी कुणीतरी परवानगीशिवाय केलेल्या कामाला तो लावता येत नाही.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही ऑफर दिली, ती मान्य झाली. न्यू जर्सीत सह्या झाल्यावर कामकाजाचे तीन दिवस वकिलांच्या तपासणीचे असतात, त्याला ॲटर्नी रिव्ह्यू म्हणतात. आमच्या वकीलबाईंनी तेवढ्यात करारात एक कलम घालून घेतलं: बेसमेंटचं परमिट आणि अंतिम मंजुरीचं प्रमाणपत्र दाखवणं विक्रेत्यावर बंधनकारक. त्याच दिवशी मी टाउनशिप क्लर्ककडे ओप्राचा, म्हणजे ओपन पब्लिक रेकॉर्ड्स ॲक्टखालचा अर्ज ईमेलने पाठवला. पत्ता, ब्लॉक नंबर, लॉट नंबर लिहून ‘या मिळकतीची सुरू आणि बंद झालेली सर्व बांधकाम परमिटं व प्रमाणपत्रं’ एवढंच मागितलं. उत्तर द्यायला त्यांना कामकाजाचे सात दिवस असतात, म्हणजे ते ॲटर्नी रिव्ह्यूच्या तीन दिवसांत बसत नाही. अर्ज करायला घराचा मालक असावं लागत नाही. घर आवडलं की त्याच संध्याकाळी अर्ज टाकून द्या.

उत्तर आलं: छपराचं परमिट, डेकचं परमिट, फर्नेस बदलल्याचं परमिट. बेसमेंटचं काहीही नाही.

त्याच आठवड्यात होम इन्स्पेक्शन झालं. फी ६७५ डॉलर, रेडॉन या वायूची चाचणी वेगळी (त्याबद्दल पुढे). इन्स्पेक्टर खालच्या मजल्यावर बराच वेळ रेंगाळला. ‘पाचव्या बेडरूम’ची खिडकी त्याने टेपने मोजली. झोपायच्या खोलीतून आगीच्या वेळी बाहेर पडता यावं म्हणून खिडकीची मोकळी जागा निदान ५.७ चौरस फूट (जमिनीलगतच्या खिडकीला ५) लागते आणि तिची खालची कड जमिनीपासून ४४ इंचांपेक्षा उंच चालत नाही. ही खिडकी छताला लागून होती, जेमतेम हात बाहेर निघेल एवढी. म्हणजे ती बेडरूम नव्हतीच. मग तो जिन्याखालच्या कपाटात गुडघे टेकून बसला. तिथे कोपऱ्यात कार्पेट आपोआप सुटलेलं होतं. त्याने ते बोटभर उचललं. खालच्या लाकडी पट्टीतले खिळे गंजून तांबडे झाले होते आणि पट्टी भिंतीच्या बाजूने काळी पडली होती. ओल मोजायच्या यंत्राच्या दोन सुया त्याने ड्रायवॉलला (भिंतीच्या जिप्समच्या तक्त्याला) टेकवल्या, तसं ते यंत्र शिटी मारायला लागलं. तो मला म्हणाला, “भिंतीमागे काय आहे ते मी सांगू शकत नाही. भिंत आज ओली आहे, एवढंच सांगू शकतो.”

२० मार्च २०२४ पासून न्यू जर्सीत विक्रेत्याला पुराबद्दलची माहिती लेखी द्यावी लागते. जोराच्या पावसाने पाणी झिरपलं किंवा साचलं होतं का, असाही प्रश्न त्यात आहे. आमच्या फॉर्मवर उत्तर होतं ‘माहीत नाही’. हे घर रॅरिटन नदीपासून बरंच लांब होतं, पण १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आयडा वादळाच्या पावसाने इथे काय केलं ते या भागातला कुणीच विसरलेला नाही. याच काउंटीतल्या मॅनव्हिल गावात घरंच्या घरं पाण्यात गेली. न्यू यॉर्क शहरात बेसमेंटमध्ये राहणारी माणसं पाण्यात अडकून दगावली. ‘माहीत नाही’ या उत्तरावर पन्नास हजार जास्त मोजायची माझी तयारी होईना.

विक्रेत्याने दहा हजारांची सूट देऊ केली. परमिट काढून द्यायला मात्र तयार नव्हता, आणि त्याचं कारण उघड होतं: झाकलेल्या कामाला मंजुरी हवी तर इन्स्पेक्टरला आतली वायरिंग आणि फ्रेमिंग दाखवावी लागते, म्हणजे भिंती फोडाव्या लागतात. एप्रिलच्या मध्यावर आम्ही करारातल्या त्या कलमाच्या आधारे बाहेर पडलो. डिपॉझिट परत यायला दोनेक आठवडे लागले, कारण दोन्ही पक्षांच्या सह्या लागतात. इन्स्पेक्शनचे पैसे आणि वकीलबाईंची काही फी गेली. ते दिवस वाईट होते. मुलीने त्या घरातली आपली खोली मनात लावून ठेवली होती. मी रोज रात्री तेच घर पुन्हा वेबसाइटवर उघडून बघायचे.

मे महिन्यात दुसरं घर मिळालं. १९९४ चं कलोनियल धाटणीचं, वर साधारण तेवढंच क्षेत्रफळ, खाली संपूर्ण उघडं बेसमेंट. पहिल्या नजरेला ते रुक्ष वाटलं. पण इन्स्पेक्शनच्या दिवशी मला त्याची किंमत कळली: तिथे सगळं दिसत होतं. काँक्रीटच्या ओतीव भिंती, एका कोपऱ्यात केसाएवढी भेग आणि तिच्यात भरलेलं इपॉक्सी, मागच्या भिंतीवर पांढऱ्या क्षारांचा पट्टा, सम्प पंपाचा खड्डा, लोखंडी खांबांचे तळ. ते गंजलेत का हे नक्की बघा, कारण जमिनीवर पाणी साचत असेल तर खांब आणि फर्नेसचे पाय आधी सांगतात. इथे ते स्वच्छ होते. क्षारांचा पट्टा म्हणजे बाहेरची ओल भिंतीतून येते आहे, आणि बाहेर गेल्यावर कारणही सापडलं. छपराच्या पन्हळीचा पाइप अगदी पायाशीच पाणी सोडत होता.

रेडॉन मात्र जास्त निघाला. जमिनीतल्या युरेनियमपासून तयार होणारा हा वायू दिसत नाही, वासही येत नाही, आणि धूम्रपानानंतर फुप्फुसाच्या कर्करोगाचं ते दुसरं मोठं कारण आहे. १९८४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लिमरिक अणुवीज केंद्रात एका कर्मचाऱ्यामुळे किरणोत्साराचे अलार्म वाजायला लागले, आणि शोध घेतल्यावर कळलं की दोष केंद्राचा नाही, त्याच्या घरातल्या रेडॉनचा आहे. ईपीए या सरकारी पर्यावरण संस्थेच्या नकाशात सॉमरसेट काउंटी सर्वाधिक शक्यतेच्या झोन १ मध्ये येते. चाचणी निदान ४८ तासांची असते आणि आधीचे १२ तास दारं-खिडक्या बंद ठेवायच्या असतात. ४ पिकोक्युरी प्रति लिटर किंवा जास्त आलं तर उपाय करा असं ईपीए सांगते. आमचं आलं ६.८.

हे ऐकून मी हबकले होते, पण यावरचा उपाय सोपा आहे. काँक्रीटच्या लादीला भोक पाडून पीव्हीसी पाइप बसवतात आणि पंख्याने खालची हवा ओढून छपराच्या वर सोडतात. पाइपवर रंगीत द्रवाची यू आकाराची नळी असते. दोन्ही बाजूंची पातळी असमान दिसली की पंखा ओढतोय. विक्रेत्याने साधारण पंधराशे डॉलर खर्चून ते काम करून दिलं आणि पुन्हा चाचणी केली तेव्हा आकडा १.१ आला. उघड्या बेसमेंटमध्ये हे काम एका दिवसात झालं. फिनिश्ड असतं तर पाइपसाठी छत आणि भिंत उघडावी लागली असती.

जूनमध्ये बँकेचं अप्रेझल झालं. त्याची प्रत बँकेने कर्जदाराला क्लोजिंगच्या, म्हणजे खरेदीच्या अंतिम सह्यांच्या, निदान कामकाजाचे तीन दिवस आधी द्यावी लागते. ती नुसती फाइलला लावू नका, वाचा. त्यात तुलनेसाठी घेतलेल्या घरांचा तक्ता असतो आणि त्यात बेसमेंटची वेगळी ओळ असते. आमच्या तक्त्यातल्या दोन घरांना फिनिश्ड बेसमेंट होतं, आणि त्यापोटी अप्रेझरने त्यांच्या किंमतीतून प्रत्येकी वीस हजार डॉलर वजा केले होते. महिनाभर ज्याच्यासाठी आम्ही लोकांना विचारत फिरलो, तो आकडा त्या एका ओळीत होता. आमच्या भागात सातशे-आठशे फुटांच्या फिनिश्ड बेसमेंटची बाजारातली किंमत वीस हजार. पहिल्या घराने त्याचेच पन्नास हजार लावले होते.

जुलैत घर ताब्यात आलं. नवऱ्याला लगेच काम सुरू करायचं होतं. मी म्हटलं, “एक वर्ष पाऊस बघू या, मग ठरव.” त्या वर्षात पन्हळीचे पाइप पायापासून दहा फूट लांब नेले, भिंतीलगतची माती उतार देऊन भरून घेतली. दोन्हीला मिळून सहाशेच्या आसपास लागले. पांढरा पट्टा पुसून टाकला, तो परत आला नाही. सम्प पंपाला बॅटरीचा बॅकअप बसवला, नऊशे डॉलर. मुसळधार पाऊस आणि वीज जाणं इथे बहुधा हातात हात घालून येतं, म्हणून हा खर्च टाळू नका. होमओनर्स इन्शुरन्समध्ये सम्प पंप बंद पडून किंवा ड्रेन उलटून आलेलं पाणी धरलेलं नसतं, त्याचं वेगळं कलम विकत घ्यावं लागतं. आम्हाला वर्षाला शंभरच्या आत पडतं. बाहेरून आलेल्या पुराचा विमा तर स्वतंत्रच, आणि सरकारी पूरविम्यातही बेसमेंटमधला फर्नेस, वॉटर हीटर धरतात, पण फिनिश केलेल्या भिंती, फरशी आणि बहुतेक सामान नाही.

२०२५ च्या मे-जूनमध्ये कोटेशनं मागवली. त्याच कामाचे आकडे ३६ हजारांपासून ७४ हजारांपर्यंत आले. कंत्राटदाराचा राज्याचा नोंदणी क्रमांक १३व्हीएच ने सुरू होतो, तो तपासून घ्या. बाथरूमचा विचार आम्ही सोडला, कारण खाली ड्रेनची तयारी नव्हती. लादी फोडून इजेक्टर पंप (सांडपाणी वर ढकलणारा) बसवायचा म्हणजे आणखी पंधरा-सोळा हजार. बेडरूमही नाही. सासूबाई-सासरे सहा महिने राहायला येतात, त्यांच्यासाठी खाली खोली करावी असं आधी मनात होतं. फोनवर विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, “मला खाली नको गं. सारखं वर-खाली माझ्या गुडघ्यांना झेपायचं नाही. माझी मेली ती छोटी खोली वरची, तीच बरी.” त्यामुळे इमर्जन्सी खिडकी कापायचे काही हजार वाचले. उरली ती एक मोठी मोकळी खोली, ६२० चौरस फूट, आणि बाजूला फर्नेसची खोली तशीच उघडी.

एकूण खर्च ४१ हजार धरला होता. किंमत वाढणार वीस-बावीस हजारांनी. उरलेले वीस हजार आम्ही वापरासाठी देतोय, हे दोघांनी समोरासमोर बसून मान्य केलं. या घरात निदान दहा वर्षं राहायचं आहे, म्हणून पटलं. तीन-चार वर्षांत विकायचं असतं तर मी एक डॉलरही खाली घातला नसता, फक्त भिंती रंगवून मोकळी झाले असते.

ऑगस्टमध्ये परमिटचा अर्ज भरला. मुख्य अर्ज एफ-१००, त्याला जोडून बांधकाम, वीज आणि आगीचे वेगवेगळे तांत्रिक फॉर्म. मंजुरीला कामकाजाचे वीस दिवस धरून चाला. आमचा अर्ज एकदा परत आला, फर्नेसच्या खोलीत हवा पुरेशी जाते का हे नकाशात दाखवलं नव्हतं. जाळीचं दार दाखवल्यावर मंजूर झाला. फी सगळी मिळून नऊशेच्या घरात.

काम सप्टेंबरअखेर सुरू झालं. काँक्रीटला लागून फोमचे तक्ते, मग लाकडी फ्रेम, खालची पट्टी प्रेशर-ट्रीटेड (कुजू नये म्हणून प्रक्रिया केलेल्या) लाकडाची, ड्रायवॉल जमिनीपासून अर्धा इंच वर, कार्पेटऐवजी व्हायनिलच्या पट्ट्या. व्हॉल्व्हपर्यंत हात पोचावा म्हणून सुट्या तक्त्यांचं छत. भिंती झाकण्याआधी फ्रेमिंग आणि विजेची तपासणी होते. पहिल्या फेरीत आम्ही नापास झालो: डक्टभोवतीच्या (हवेच्या नळाभोवतीच्या) चौकटीत फायर ब्लॉकिंग, म्हणजे पोकळीतून आग वर चढू नये म्हणून घालायचे अडथळे, राहिले होते. दुरुस्ती आणि पुन्हा तारीख यात आठवडा गेला. त्या आठवड्यात मी प्रत्येक भिंतीचे, टेप लावून, फोटो काढून ठेवले. कुठली वायर कुठून गेली आहे हे आता फोनमध्ये आहे.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात अंतिम तपासणी होऊन सर्टिफिकेट ऑफ अप्रूव्हल मिळालं. शेवटचा आकडा ४२,८०० डॉलर. काम संपल्यावर रेडॉन पुन्हा मोजला, १.३. डिसेंबरमध्ये असेसर मोजून गेले. वाढीव आकारणीचं वेगळं बिल ऑक्टोबरमध्ये येतं आणि १ नोव्हेंबरपर्यंत भरायचं असतं, त्यासाठी आम्ही दरमहा थोडी रक्कम बाजूला ठेवतो आहोत. सगळ्या पावत्या, परमिट आणि प्रमाणपत्र एका फाइलमध्ये लावली आहेत. घर विकताना करासाठी नफा काढतात तेव्हा हा खर्च खरेदीच्या किंमतीत मिळवता येतो, आणि पुढचा खरेदीदार ओप्राचा अर्ज टाकेल तेव्हा त्याला टाउनशिपकडूनही हेच कागद मिळतील.